निफाड उत्तर देत नाही

पहाटेचे दोन चाळीस. इंदिरानगर.
ओट्यावर लॅपटॉप, शेजारी झाकून ठेवलेलं विरजण.
तेवीस शीतगृहं, तेवीस मशीन,
आणि एका फाइलमध्ये एकाखाली एक गावं:
पिंपळगाव, ओझर, मोहाडी, खेडगाव, निफाड, वणी…
इथे बसून तिथलं दार उघडायचं,
आत कोण जागं, कोण गोठलंय ते बघायचं,
गोठलेल्याला उठवायचं, दार लोटायचं, पुढचं गाव.
एवढंच माझ्या स्क्रिप्टचं काम.

लिहायला एक दुपार लागली.
चालायला नऊ दिवस.

पहिल्या रात्री ती पिंपळगावला गेली आणि तिथेच संपली.
ना चूक, ना तक्रार.
नंतर कळलं, आत शिरलेल्या कनेक्शनला तोंड असतं,
समोर येईल ते ते खातं.
माझ्या यादीतली उरलेली बावीस गावं
त्याने एका घासात गिळली होती.
पंक्तीत पहिल्याच पानावर
सगळी जिलबी संपावी, तसं.
एक अक्षर घालून त्याचं तोंड बांधलं.

दुसऱ्या रात्री हुकूम सोडला,
'तापमान' हा शब्द ज्याच्या ज्याच्यात असेल ते बंद कर.
हुकमातच 'तापमान' होतं.
तो आधी स्वतःलाच लागू झाला.
ओझरचं दार माझ्या तोंडावर आपटलं
आणि मी एकटीच इतकी हसले
की विरजण हललं असेल.

मग आणखी एक खोड: मी बाहेर पडले
की मी लावून दिलेलं कामही मागोमाग निघून येई,
बाजारात पदर न सोडणारं पोर जसं.
त्याला शिकवावं लागलं,
मी फोन ठेवला, तरी तू थांबायचं नाही.

मोहाडीत मात्र मेलेलं काही जाईना.
सात प्रोसेस. श्वास नाही, जागा अडवत नाहीत,
फक्त यादीत नाव.
नऊ नंबरचा सिग्नल दिला;
मेलेल्याला तो काय मारणार?
ज्याने जन्माला घातलं त्याने येऊन
'कसा गेलास?' एवढं विचारावं लागतं.
मग नाव पुसलं जातं.

रामकुंडावर बाबांच्या दहाव्याला
कावळा शिवेना. साडेदहा, अकरा, उन्हं वर आली,
गुरुजी पुढच्या घरच्यांकडे बघायला लागले.
काका म्हणाले, घराचं कर्ज मी फेडतो. नाही.
आत्या म्हणाली, वहिनीला एकटं पाडणार नाही. नाही.
मग मी, वय सोळा, पुटपुटले,
तुमची सायकल विकणार नाही.
शिवला.

सायकल अजून जिन्याखाली आहे, दोन्ही चाकांत हवा नाही.

मोहाडीत त्या सातांच्या जन्मदात्याला जागं केलं.
सातही नावं एकदम गेली.

आज सगळी गावं बोलतायत. निफाड नाही.
तीनदा विचारलं. वेळ संपली. वेळ संपली. वेळ संपली.
शेवटी राखणदार गांगुर्डेंना फोन.
"मागचं काळं बटण दाबा, दहा मोजा, सोडा."
मोठ्याने मोजतात. सातवर खोकला येतो.
पुन्हा एकपासून.
"काटा किती दाखवतोय, काका?"
"आत चार. बाहेर तीन.
दार उघडं टाकलं तरी चालंल की, ताई."

पडद्यावर निफाड उगवतं. एक प्रोसेस, मग तीन.
"ठेवू का?"
"ठेवा."
पण ठेवत कुणीच नाही.
पलीकडे कंप्रेसर घरघरत सुरू होतो,
शेकोटीत काहीतरी तडकतं,
स्क्रिप्ट तोवर वणीला पोचलेली असते.